अर्धं वांगं

मी वर्ध्याच्या बाजारात भाजी घेऊन बसायची, तेव्हा दर रविवारी एक लांब केसांचा माणूस यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. शेजारी भाजी विकणारी काकू म्हणायची, "हा बँडात गिटार घेऊन बोंबलते. कॉलेजचे पोट्टे येडे होतेत याच्यापायी."

माझ्याकडे मात्र तो गुपचूप बसायचा. ढिगातलं वाकडं, किडकं वांगं निवडून पोत्याच्या कोपऱ्यावर ठेवायचा आणि त्याचं चित्र काढायचा. तारांनी त्याच्या बोटांना घट्टे पडले होते, पण पेन्सिल तो अगदी हलकी धरायचा.

एकदा मी धीर करून विचारलं, "गाणं सोडून हे काऊन करता, भाऊ?"

"तिथं लय कल्ला राह्यते, ताई. वांगं कसं चूप बसते."

मला त्याचं येणं आवडू लागलं.

एका रविवारी चित्र अर्धं ठेवून तो चहा प्यायला गेला. किडका माल समोर दिसला की गिऱ्हाईक फिरतं, म्हणून मी सवयीनं ते वांगं उचलून बाजारात फिरणाऱ्या एका बकरीपुढे टाकलं. तो परत आला.

"ताई, माझं वांगं?"

काकूच म्हणाली, "बकरीनं खाल्लं ना!"

आता हा पुन्हा येणार नाही, असं मला वाटलं. तो बकरीकडे बघत राहिला, मग खाली बसला आणि कागदावरच्या अर्ध्या वांग्याला लागून त्यानं बकरीचं चावणारं तोंड काढलं.

भर बाजारात मी मोठ्यानं हसले. पदर तोंडाशी न्यायचंही मला सुचलं नाही.