ओठ आधी की आवाज आधी

आमच्या मावळात लग्नाची डीव्हीडी करून घेणारी माणसं पुष्कळ सापडतील, पण ती शेवटपर्यंत पाहणारं माणूस आजवर एकच होऊन गेलं, आणि ते म्हणजे माझ्या बायकोची मावशी. ज्यांचं लग्न असतं तेसुद्धा ती एकदाच बघतात, तीही पंगती पुढे ढकलत, आणि मग ती साड्यांच्या कप्प्यात जाते ती कायमची. मावशींनी मात्र कान्ह्यापासून लोणावळ्यापर्यंत ओळखीतलं जे कोणी बोहल्यावर चढलं, त्या प्रत्येकाची डीव्हीडी मागून आणून पंगतींसकट पाहिली. पुढे घरोघरची डीव्हीडीची यंत्रं बंद पडली, नव्या लॅपटॉपांना तबकडी घालायची फटच उरली नाही, तेव्हा म्हातारा बैल पांजरपोळात सोडावा तशा लोकांनी आपापल्या डीव्हीड्या मावशींकडे आणून सोडल्या. मावशींनी त्या सगळ्यांना दाणापाणी घातलं. मधूनच त्यांचा फोन यायचा, आणि माझ्या चुलतभावाच्या लग्नात मी जिलबी दोनदा घेतली होती आणि हात धुवून आल्यावर शेजारच्या गृहस्थांना गोड खाण्याचे तोटे समजावून सांगितले होते, हे मला इतक्या वर्षांनी कळायचं.

मावशींची सगळी नोकरी लोणावळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. लग्न त्यांनी केलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जुळवून दिली. त्यामुळे त्यांचा कान असा तयार झाला होता की, तुम्ही नुसतं ‘हॅलो’ म्हणालात तरी तुम्ही झोपून बोलताय, खाताय की खोटं बोलणार आहात, ते त्यांना समजायचं. मी आजारपणाची रजा टाकून घरी लोळत असताना त्यांचा फोन आला, तर तो न उचलण्याची मी काळजी घेत असे. या कानाला एकच गोष्ट सहन व्हायची नाही: ओठ आणि आवाज यांची फारकत. एकदा आमच्याकडे तळेगावला मुक्कामाला असताना टीव्हीवर दुसऱ्या भाषेतून मराठीत आणलेला सिनेमा लागला. मावशी उठल्या, खुर्ची फिरवली आणि सिनेमा संपेपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, “ती बाई तोंड हलवते एक आणि बोलते भलतंच. असल्या माणसांशी मी संबंध ठेवत नाही.”

अशा बाईचा संगणक मी सांभाळत होतो. हे काम माझ्याकडे कसं आलं ते सांगतो. कारखान्यातल्या स्टोअरमध्ये माझ्या टेबलावर संगणक आहे. एवढ्या एका पुराव्यावर माझ्या सासुरवाडीनं मला संगणकतज्ज्ञ ठरवून टाकलं, आणि मीही कधी इन्कार केला नाही. सासुरवाडीत मान मिळायला तसं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं. मावशींचं यंत्र एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आलेलं, चालू केलं की पिठाच्या गिरणीसारखं घरघरणारं. पण त्याला डीव्हीडीचा कप्पा होता, म्हणून त्या ते बदलायला तयार नव्हत्या. त्यावर डीव्हीडी लावली की आवाज वेळेवर यायचा आणि चित्र मागून धापा टाकत यायचं. भटजी ‘सावधान’ म्हणायचे आणि नंतर तोंड उघडायचे.

माझं निदान तयार होतं. डीव्हीडीवर चित्र घडी घालून दाबून भरलेलं असतं. ती घडी उलगडण्याचं काम संगणकाचा मुख्य मेंदू प्रोग्रॅमच्या मदतीनं करतो, ते सॉफ्टवेअर डिकोडिंग; किंवा त्यासाठी वेगळं कार्ड बसवायचं, ते हार्डवेअर डिकोडिंग. मी सॉफ्टवेअरचा कट्टर माणूस. त्यामागे तत्त्व एवढंच की, सॉफ्टवेअर फुकट उतरवता येतं आणि त्यासाठी संगणक उघडावा लागत नाही. मी तीन निरनिराळे प्लेअर घालून पाहिले. पहिल्यानं आवाज आणखी पुढे पळवला, दुसऱ्यानं सगळं वऱ्हाड हिरवं केलं, आणि तिसरा कुठल्या भाषेत होता ते मला अजून समजलेलं नाही. मावशी शांतपणे म्हणाल्या, “एक्स्चेंजमध्ये एकाच मुलीला बोर्ड सांभाळायला लावायचे, तक्रारी लिहायला लावायचे आणि वर साहेबांचा चहाही सांगायला लावायचे. मग लागायचे चुकीचे नंबर. वेगळी मुलगी ठेवा, जावईबापू.” मी हसून, हल्ली तसं करत नाहीत, असं सांगितलं. हल्ली कसं करतात ते मला माहीत नव्हतं.

हे वर्षानुवर्षं असंच चाललं असतं, पण मध्ये माझ्याच लग्नाची डीव्हीडी आली. मावशी आणि माझ्या सासूबाई या सख्ख्या बहिणी. सासूबाई थोरल्या, वडिवळ्याला भातशेतीच्या घरात दिलेल्या. मावशी त्यांना आक्का म्हणत. पण माझं लग्न झालं त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद होतं. मावशी लग्नात काहीतरी बोलल्या, एवढंच घरात माहीत होतं. काय बोलल्या ते सासूबाई कुणाला सांगत नसत, आणि मावशी म्हणत की मी काही बोललेच नाही. सणावाराला दोघी एका खोलीत आल्या की सगळा व्यवहार माझ्यामार्फत चाले. “पाव्हणं, पंखा बारीक करायचा का इचारा,” असं सासूबाई मावशींकडे पाठ करून म्हणत, आणि मी हातभर अंतरावर बसलेल्या मावशींना ते पुन्हा शुद्ध मराठीत सांगत असे.

त्या लग्नाच्या डीव्हीडीच्या दोनच प्रती होत्या. आमची प्रत एकदा, मंगलाष्टकंही पुढे ढकलत, पाहून झाल्यावर मी गॅलरीत कबुतरं भिववण्यासाठी दोऱ्यानं टांगली होती आणि ती कबुतरांना आवडली होती. दुसरी सासूबाईंच्या ट्रंकेत होती. एका उन्हाळ्यात वडिवळ्याच्या घराची आवराआवर निघाली तेव्हा बायकोनं ती मागून आणली. कुणाला हवी आहे ते तिनं सांगितलं नाही आणि सासूबाईंनीही विचारलं नाही. पुढच्या सुट्टीला मी ती लोणावळ्याला नेऊन दिली. यंत्रात घालण्याआधी मावशींनी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या की, ज्यावरून बोलणं बंद झालं ते वाक्य तुमच्याबद्दलचं आहे, तेव्हा तुम्हाला आधी कळलेलं बरं. आक्कानं त्याच दिवशी त्यांना सुनावलं होतं त्याप्रमाणे, अंतरपाट धरलेला असताना, दोन मंगलाष्टकांच्या मधल्या शांततेत, तिच्या मागून मावशी म्हणाल्या होत्या, “ह्याच्यापरीस घोडा बरा व्हता.”

मी घोड्याला आठवून पाहिलं. कामशेतच्या कार्यालयापर्यंत मला घेऊन आलेला तो घोडा खरोखरच देखणा होता. पांढरा, पाठीवर झूल, चालीत रुबाब. मला त्यावर बसताना दोघांनी आधार दिला होता आणि उतरताना चौघांनी. मत म्हणून त्यात खोडण्यासारखं काही नव्हतं. पण आपल्या पसंतीच्या जावयाला सख्ख्या बहिणीनं भर मांडवात असं म्हणावं, हे सासूबाईंच्या जिव्हारी लागलं होतं, आणि माझ्या कानावर जाऊ नये म्हणून त्या इतकी वर्षं गप्प राहिल्या होत्या.

आम्ही डीव्हीडी लावली. अंतरपाट आला. एका बाजूला फेट्याखाली घामाघूम मी. दुसऱ्या बाजूला माझी बायको, मुंडावळ्यांत तोंड लपवून. तिच्याजवळ सासूबाई आणि त्यांच्या मागे मावशी. मंगलाष्टक थांबलं, आणि ते वाक्य स्वच्छ ऐकू आलं. अगदी मावशींचा आवाज. आणि त्याच्या मागोमाग पडद्यावरच्या मावशींचे ओठ हलले.

मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. त्यांनी ते पुन्हा लावलं, मग आणखी एकदा. दर वेळी आवाज आधी, ओठ मागून. शेवटी त्यांनी हात मांडीवर ठेवले. “आवाज माझाच वाटतो,” त्या म्हणाल्या. “मी तेव्हा अक्षता टाका म्हणत होते कुणाला तरी, एवढं आठवतं. पण आता मलाच वाटायला लागलंय, बोलले असेन.” आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज बिनचूक ओळखणारी बाई स्वतःच्या आवाजापुढे अडखळली होती, आणि मला पहिल्यांदाच माझ्या फुकटच्या सॉफ्टवेअरची लाज वाटली. कार्ड आणायचं त्याच दिवशी ठरलं.

पुण्याच्या बाजारातून जुनं कार्ड मिळालं. ते मीच बसवणार असा मी हट्ट धरला. संगणकाचं झाकण उघडायला मावशींच्या शिलाई मशीनचा स्क्रूड्रायव्हर लागला आणि लावायला सगळे स्क्रू लागले नाहीत. जे उरले ते मी खिशात टाकले. डीव्हीडी लावली, तर भटजी पूर्वीसारखेच मागून तोंड उघडत होते. कार्ड जळकं आहे, दुकानदारानं फसवलं, असं मी ठामपणे सांगून टाकलं. मावशींनी चष्मा लावून प्लेअरचा एकेक मेनू वाचत नेला. हार्डवेअर डिकोडिंग वापरायचं का, असा एक चौकोन रिकामा होता. मी तो पाहिला नव्हता असं नाही; तो काय विचारतो हे न कळल्यामुळे मी त्याला मान देऊन तसाच ठेवला होता. मावशींनी त्यात खूण केली. गिरणी शांत झाली, आणि वरात ताशाच्या ठोक्याला पाऊल टाकू लागली. मावशींनी लगेच ते थांबवलं. “आता आक्का आल्याशिवाय पुढे बघायचं नाही. मी बोलले असेन तर तिच्यासमोर कळू दे.”

सासूबाईंना आणायचं काम बायकोनं केलं. काय सांगून आणलं ते तिलाच माहीत. त्या आल्या आणि दाराजवळच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या, कधीही उठून जाता येईल अशा बेतानं. बायकोलाही भांडणातलं वाक्य ठाऊक नव्हतं, म्हणून ती चकलीचा डबा घेऊन आरामात बसली. मावशींनी डीव्हीडी सुरू केली. घोडा आला, मी आलो, अंतरपाट धरला गेला, आणि चित्र गोठलं. ट्रंकेतल्या इतक्या वर्षांत तबकडीला चरा पडला होता, आणि आमचं कार्ड बाणेदार निघालं. चऱ्यापुढे ते पाऊल टाकेना.

इथे माझ्या सॉफ्टवेअरचा दिवस आला. मी चौकोनातली खूण काढली. सॉफ्टवेअर ठेचाळत, माणसांचे चौकोन करत, पण चरा ओलांडून पलीकडे गेलं. पलीकडे पोचल्यावर मी पुन्हा खूण केली आणि कार्डाच्या हाती कारभार दिला. सगळ्या संगणकी कारकिर्दीत मी केलेलं बिनचूक काम हे एकच, आणि त्या वेळी माझ्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

मंगलाष्टक थांबलं. मावशींचे ओठ मिटलेले होते. सासूबाई डोळे पुसत होत्या. आणि मुंडावळ्यांच्या आड, खाली मान घातलेल्या माझ्या नवरीचे ओठ हलले, शब्दाला शब्द जुळून: “ह्याच्यापरीस घोडा बरा व्हता.” त्यानंतर, पुढचं मंगलाष्टक सुरू होता होता, मावशींनी तोंड उघडलं आणि मागच्या कुणाला तरी अक्षता टाकायला सांगितल्या.

बायकोची चकली हातातच राहिली. ती आधी आईकडे बघत होती, मग मावशीकडे, आणि सर्वांत शेवटी माझ्याकडे. तिला काहीच आठवत नव्हतं. खिडकीतून वरात बघितली होती, भीतीनं काय तोंडातून गेलं ते कळलं नाही, असं ती हळूहळू म्हणाली. मावशीच्या आवाजाचा वारसा तिच्याकडे आला आहे हे आम्हाला फोनवर शंभरदा जाणवलं होतं. मांडवात मात्र ते कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

सासूबाईंनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली, आणि माझ्याकडे न बघता थेट बहिणीला म्हणाल्या, “म्हंजी तू बोल्लीच न्हाईस.”

मावशींचं एक्स्चेंजमधलं मराठी कुठल्या कुठे गेलं. “न्हाई गं आक्के,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे एकदा बघून घेतलं आणि प्रामाणिकपणानं पुढे म्हणाल्या, “पर मनात आलंतं.”

सासूबाई हसल्या ते पदर तोंडाला लावून, आणि हसता हसता केव्हा रडायला लागल्या ते त्यांनाही कळलं नाही. बायको डबा ठेवून आईजवळ जाऊन बसली. त्या संध्याकाळी दोघी बहिणींनी इतक्या वर्षांचं एकमेकींना सांगून टाकलं, आणि त्यात निरोप्या म्हणून माझी गरज एकदाही पडली नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा केला. साखर विसरलो होतो. कुणाच्या लक्षात आलं नाही.

याला आता काही वर्षं झाली. सासूबाई मधल्या काळात गेल्या. पण त्याआधीची भाताची शेवटची दोन पिकं त्या दोघींनी वडिवळ्याला एकत्र पाहिली. मावशींच्या कानांनी आता काम सोडलं आहे. कानाचं यंत्र आणलं, पण ते डबीतच असतं. त्यातून जवळचा आणि लांबचा माणूस सारखाच बोलतो, अशी त्यांची तक्रार. ऐकू येत नाही तसा त्यांचा स्वतःचा आवाजही खाली आला आहे. गेल्या महिन्यात आम्ही भेटून निघालो तेव्हा त्या वरच्या गॅलरीत उभ्या राहिल्या आणि मी गाडी वळवत असताना मला उद्देशून काहीतरी म्हणाल्या. रस्त्यावरून ट्रक जात होता. ओठ हललेले दिसले, शब्द खाली पोचले नाहीत. बायकोनं विचारलं, काय म्हणाली मावशी? पोचल्यावर फोन करा म्हणाल्या, असं मी अंदाजानं सांगितलं आणि वर बघून मान हलवली. त्यांनीही हलवली, आणि आम्ही वळेपर्यंत त्या तशाच कठड्याला धरून उभ्या होत्या.