कुलूप फोडणाऱ्या वहिनी

माझी मुलगी सहा वर्षांची असताना सरकारने तिला आमच्याकडून नेलं होतं. जावयाला हे ठाऊक नाही. मुलीला किती आठवतं, ते मी कधी विचारलं नाही.

गिरण्यांचा संप लांबला तेव्हा लालबागच्या आमच्या चाळीतून मी एकटा कामावर गेलो. पोरीच्या पोटासाठी, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे संप फसेल आणि नोकरी जाईल, या भीतीने गेलो. दुसऱ्या सकाळी दाराच्या कडीला हिरव्या बांगड्या अडकवलेल्या. पलीकडच्या खोलीतल्या वहिनींनी नळावर सगळ्यांदेखत सांगितलं, मीच अडकवल्या म्हणून. त्यांचा नवरा आणि मी एकाच साळखात्यात मागावर काम करणारे, एकाच गावचे. तो संपावर होता. त्या दिवसापासून आमच्याशी कुणी बोलेना.

एरवी चाळीत पोर कुणाकडेही जेवतं, कुणाच्याही दारात झोपतं. आमच्या पोरीला आता ती दारं बंद होती. मार खायच्या भीतीने आम्ही कामावर गेलेले लोक गिरणीतच मुक्काम करायचो. बायकोने फणसवाडीत स्वयंपाकाची कामं धरली. पोरीला कुठे ठेवायचं? बायको निघताना बाहेरून कुलूप लावायला लागली. ते कुलूप मीच आणलं होतं.

एका दुपारी पोरीने चहासाठी स्टोव्ह पेटवला आणि पडद्याने पेट घेतला. वहिनींनी वरवंट्याने कुलूप फोडून तिला बाहेर काढलं. तिला भाजलं नाही कुठेच. पण पोलीस आले, त्यांनी कुलूप पाहिलं, आणि पोरीची रवानगी बालगृहात झाली.

ती परत मिळावी म्हणून आम्ही बालन्यायालयात गेलो. साधी खोली, एक टेबल, त्यामागे सुती साडीतल्या मॅजिस्ट्रेट बाई. त्यांचा प्रश्न एकच होता, दिवसा हिच्याकडे कोण बघणार? मी म्हणालो, गावाहून माझी आई येतेय. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. बायकोने मान खाली घातली.

मग साक्षीला वहिनी. कुलूप, धूर, सगळं त्यांनी घडलं तसं सांगितलं, तिखटमीठ न लावता. बाईंनी विचारलं, शेजारी असून आधी लक्ष का दिलं नाही? आमचं यांच्याशी बोलणं नाही, एवढंच त्या म्हणाल्या. कारण सांगितलं नाही.

"हिची आजी येणार म्हणतात. तुम्ही ओळखता त्यांना?"

वहिनींनी कित्येक महिन्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ओळखतंय. ती येवची नाय." आणि मी खाली बघेपर्यंत पुढे म्हणाल्या, "चेडू माझ्याकडे ऱ्हवांदे. तिच्या बापाशी मी बोलूचंय नाय. चेडवाशी बोलतलंय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. पुन्हा सांगा, म्हणाल्या. वहिनींनी पुन्हा तेच सांगितलं, जरा सावकाश: पोरगी दिवसा त्यांच्याकडे राहील, बोलणं पोरीशी, बापाशी नाही. अधिकारी अधूनमधून येऊन बघतील या अटीवर पोर आम्हाला मिळाली.

इतका राग आणि इतकी माया एकाच माणसात, एकमेकांना धक्का न लावता राहू शकतात, हे मी पुढे वर्षानुवर्षं पाहिलं. संप विरल्यावर मी घरी राहू लागलो, आणि संध्याकाळी त्यांच्या दारात उभा राहायचो. पोर वेणीफणी करून, त्यांच्याकडची भात-आमटी जेवून बसलेली असायची. "जा, बापूस इलो," त्या तिला सांगायच्या. माझ्याकडे बघायच्या नाहीत. त्यांच्या नवऱ्याला पुन्हा काम मिळालंच नाही. पुढे माझीही गिरणी बंद झाली. आम्ही दोघे पुरुष एकाच गॅलरीत रिकामे बसू लागलो. तो बोलायला लागला. वहिनी नाही.

मुलीच्या लग्नात मी त्यांच्यापुढे हात जोडून उभा राहिलो. वहिनी मुलीच्या हातातला हिरवा चुडा सारखा करत होत्या. मान वर न करता तिला म्हणाल्या, "बापाशीक सांग, जेवून घे म्हणान. सकाळपासून उपाशी आसा."

मी पंगतीत जाऊन बसलो.