तितरांची सावली
आखातातल्या मेसईदला आमच्या कंपनीच्या क्वार्टरमागे एसीचं पाणी ठिबकून झुडपं माजली होती. त्यांत तितरांची जोडी राहायची. मे महिन्यात मी कोयता घेऊन सगळं साफ केलं. आमच्या रत्नागिरीत पावसाआधी परस बेणतात, नाहीतर साप घरात शिरतात. इथे कसला आलाय पाऊस! पण हाताची सवय. बायको म्हणाली, "अहो, आत पिल्लं आहेत." मी तिच्यावरच खेकसलो. साप एकही निघाला नाही. पिल्लं तेवढी भिंतीकडे पळाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिथे वीतभर सावली नव्हती. तापलेल्या सिमेंटवर मादी पंख पसरून बसलेली दिसली. मी पाण्याची थाळी जवळ सरकवली, तरी ती हलेना. शेवटी तिला उचललं. खाली चार पिल्लं होती. तीही हलली नाहीत.