गोठ्यातलं उत्तर

माझ्या ज्या एका वाक्याचं आजवर सगळ्यांनी कौतुक केलं, ते वाक्य माझं नाही. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ते वाक्य एका बाईचं आहे आणि तिनं ते आपल्या म्हशीला ऐकवलं होतं. कथेत मी तिला ते थोरल्या दिराच्या तोंडावर बोलायला लावलं.

कथेतले संवाद कसे लिहावेत यावर मी शिबिरांतून बोलतो. गेल्या महिन्यात अशाच एका शिबिरात खटावकडची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, ती बाई खरंच असं बोलली असेल का हो? आमच्याकडं थोरल्या दिरासमोर बाई तोंड उघडत नाही." मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. घरी आलो आणि पिशवी भरली.

स्वारगेटहून सकाळची एस.टी. धरली. खंबाटकी चढून गेल्यावर हवा बदलली. साताऱ्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा अजिंक्यताऱ्यावर ऊन आलं होतं. एरवी मी इथं कंदी पेढे घेतो. या वेळी नेमके कुणासाठी घ्यायचे ते ठरेना, म्हणून नुसता चहा घेऊन वडूजच्या गाडीत बसलो.

कोरेगाव सुटल्यावर पुढच्या बाकावर एक बाई तान्ह्या मुलीला घेऊन बसली. तिच्याही पुढच्या खिडकीतून वारा सरळ मागं तिच्या अंगावर येत होता आणि त्या खिडकीशी एक फेटेवाला पेंगत होता. बाई त्याच्याकडे न बघता मांडीवरच्या मुलीला म्हणाली, "चिमे, मामास्नी म्हण, खिडकी लावा. माज्या कानात वारं शिरतंय."

चिमी जेमतेम सहा महिन्यांची असेल. फेटेवाल्यानं डोळे न उघडता तिलाच उत्तर दिलं, "चिमाबाई, ती खिडकी एस.टी.ची हाय, माजी न्हाई. साऱ्या गावानं ओढली तरी हलायची न्हाई. हितं म्होरं वारं लागत न्हाई, तुमीच इकडं बसा, मी तिकडं येतो."

जागांची अदलाबदल झाली. दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत. आमच्या शिबिरात अशा संवादाला जागा नाही. तिथं आम्ही शिकवतो, पात्रांना आमनेसामने उभं करा.

पुसेगावनंतर रान कोरडं होत गेलं. उघडे माळ, त्यांवर संथ फिरणाऱ्या पवनचक्क्या, कापलेल्या ज्वारीचे सड. वडूजच्या पुढं एका फाट्यावर उतरलो. गावाचं नाव लिहीत नाही. एकदा त्या गावाबद्दल लिहिलं तेवढं पुरे झालं. फाट्यावरच उजव्या चपलेचा अंगठा तुटला. टपरीवाल्यानं सुतळी दिली. ती बांधून मी पाय फरफटत निघालो आणि चालताना जुने दिवस आठवत राहिले.

पहिल्या पुस्तकाच्या वेळी माणसं कशी बोलतात ते ऐकायला मी इथं आठवडाभर राहिलो होतो. ओळखीचा एक जवान म्हणाला होता, "बोली ऐकायची हाय न्हवं? मग आमच्या घरला जा." तो सीमेवर होता. घरी त्याची बायको हिराक्का आणि थोरला भाऊ तात्या. तात्यांची बायको आधीच गेलेली. जवानानं लावलेलं दाराजवळचं कडुलिंबाचं झाड तात्यांनी त्याच आठवड्यात तोडलं. दुसऱ्या दिवशी धार काढताना हिराक्का म्हशीला म्हणाली, "चंपे, ज्यानं झाड लावलं त्यो बर्फात हुबा हाय, आन् ज्यानं तोडलं त्यो वसरीत पान खातोय." वसरी म्हणजे घराचा पुढचा मोकळा सोपा. तात्या तिथंच बसले होते.

कथेत मी हिराक्काला भर अंगणात उभी केली. डोक्यावरचा पदर खाली, चार माणसं गोळा झालेली, समोर थोरला दीर. ती वाक्य म्हणते, तो मान खाली घालतो, कथा संपते. पुढं जवान पेन्शनीवर घरी आला आणि काही वर्षांनी वारलाही. त्यानंतर कुणीतरी त्या कथेची एकांकिका केली आणि ती त्याच गावच्या जत्रेत, देवळापुढच्या पारावर झाली. गावानं झाड ओळखलं, माणसं ओळखली. पोरांनी ते वाक्य मोबाईलच्या स्टेटसला ठेवलं. हिराक्का लेकीकडं कुंडलला निघून गेली. हे सगळं मला तेव्हाच कळलं होतं. मी गेलो नाही.

तात्या घरातच होते. वसरी रिकामी होती. आतल्या खोलीत, पाठ दाराकडं करून ते स्टोव्हवर भाकरी भाजत होते.

"कोन हाय?"

मी नाव सांगितलं. त्यांनी भाकरी उलटली. कड करपली होती. मग मान वळवून माझ्या पायांकडं बघितलं.

"या पाव्हणं. बसा. चप्पल लय दमल्याली दिसतीया, सुतळी बांधून आली."

मी हसलो, पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्यांनी हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाची पातळ पेज) वाटीत ओतून पुढं केलं. मी म्हणालो, "तात्या, माझं चुकलं. ती तुमच्या तोंडावर काही बोलली नव्हती. ते मी घातलं."

"आवं, ते मला म्हाईत न्हाई व्हय? माज्या तोंडावर बोलली न्हाई ते मला ठावं असनार का तुमाला?"

"मग राग कशाचा?"

"तिच्या बोलन्याचा राग न्हाई. तिनं बोलायचं म्हशीला आन् मी ऐकायचं, हे तीस वरीस चाललं. पर तुमी मला मान खाली घालायला लावली. मी कवा गप बसलो? मी उत्तर दिलं हुतं. बैलाला वैरन टाकताना म्हनलो, सर्जा, मुळ्या भितीत शिरल्या हुत्या रं. भीत कुनाच्या खोलीची? धाकट्याच्या बायकूची. उद्या पडली असती तिच्या अंगावर, तर धाकट्याला काय तोंड दावलं असतं? तुमी तवा तितंच तोंड धूत हुता. ऐकलं न्हाई?"

ऐकलं होतं.

मी वाटी खाली ठेवली. मग म्हणालो, "ऐकलं होतं, तात्या. ते तुमचं उत्तर आहे हेही कळलं होतं. पण ते घातलं असतं तर तिच्या वाक्याची धार गेली असती."

तात्यांनी स्टोव्ह बंद केला. मग करपलेल्या भाकरीचा चांगला अर्धा भाग तोडून माझ्यापुढं ठेवला. "खावा. म्हस इकली, बैल इकला. आता बोलायचं झालं तरी कुनाला बोलू? गोठ्यात गेलो की पोरं वरडत्यात, तात्या, वसरीत जाऊन पान खावा."

मुक्काम करा असं ते म्हणाले नाहीत. वडूजला लॉजवर राहिलो आणि सकाळी मायणी, विट्यावरून कुंडलला निघालो. विट्याच्या पुढं रान हिरवं झालं. आधी द्राक्षांचे मांडव, मग ऊसच ऊस. एका उसाच्या ट्रॅक्टरमागं आमची गाडी अडकली. दोन ट्रॉल्यांतून कांड्या गळत होत्या आणि मोटरसायकलवाले चालत्या गाडीवरून त्या ओढून नेत होते. कंडक्टर म्हणाला, "बसा आता निवांत. कारखान्यापतोर ह्योच आपला म्होरक्या."

हिराक्का लेकीच्या दारात शेंगा फोडत बसली होती. केस पांढरे झाले होते. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"काय वो लेखक, आता कुनाच्या गोठ्याला कान लावायला आलाय? हितं जर्शी गाय हाय, पर तिला आमची भाषा कळत न्हाई."

"तुम्हालाच भेटायला आलोय, आक्का."

"मग शेंगा फोडा. रिकामं बसू नगा."

मी शेंगा फोडत सगळं सांगितलं. तात्यांचं बैलाला बोलणं आणि ते माझं मुद्दाम गाळणं. ती टरफलं बाजूला सारत होती. शेवटी म्हणाली, "मला काय नवं सांगताय? त्यांचं उत्तर मी चुलीपाशी ऐकलं. भीत खरंच फुगली हुती. त्या दिशी त्यांच्या ताटात दोन भाकऱ्यांवर लोन्याचा गोळा ठेवला. ते बी तुमी बगितलं आसंल."

ताट मीच नेऊन दिलं होतं.

"तात्या स्वतःच्या हातानं भाकरी भाजतात," मी म्हणालो. "करपवतात. तुम्ही परत जा ना, आक्का."

"कशी जाऊ? मला काय जायाला नगं हाय? त्यांचं बी वय झालं, माजं बी झालं. पर गावात पाय ठिवला की लोकं मला बगत न्हाईत, तुमच्या बाईला बगत्यात. पदर टाकून थोरल्याम्होरं हुबी राहिल्याली. तिच्या हातची भाकरी त्यांनी कशी खावी? आन् मी तरी कुटल्या तोंडानं वाडावी?"

"मी तुमचा निरोप नेतो. काय सांगू त्यांना?"

ती पहिल्यांदा मोठ्यानं हसली. मग हातातली शेंग खाली ठेवली. "नगं बाबा. तुमच्या हातून गेल्यालं बोलनं कुनाच्या कुनाला पोचतंय. जितं तुमचं नाटक झालं न्हवं, त्या पारावर हुबं राहा. गाव गोळा करा आन् सांगा, ह्या बाईनं पदर टाकला न्हवता. आन् त्यांनी काय उत्तर दिलं ते बी सांगा, समदं, बैलासकट. मग मी माजी येती. मला न्यायला कुनी यायला नगं."

"सांगतो," मी म्हणालो.

"बगू," ती म्हणाली. निघताना तिनं भाजक्या शेंगांची पिशवी हातात दिली.

कराडहून पुण्याची गाडी मिळाली. वाटेत मला माझीच शिबिरातली वाक्यं आठवत होती. वाक्य छोटं ठेवा, धार ठेवा, ऐकलेलं जसंच्या तसं उतरवा. मी ते वाक्य जसंच्या तसंच उतरवलं होतं, एक अक्षरही बदललं नव्हतं. तिनं ते कुणाकडं तोंड करून म्हटलं एवढंच बदललं, आणि समोरचा काय म्हणाला ते गाळलं. त्या घरात दोघं अशा बेतानं बोलत होती की बोलणं पोचावं आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांच्या हातचं जेवताही यावं. मला त्यातलं फक्त टाळीचं वाक्य दिसलं.

या गोष्टीला आता तीन आठवडे झाले. सरपंचांचा फोन नंबर घेतला आहे, लावलेला नाही. हे इथं लिहिलं, पण त्या गावात हे कुणी वाचेल असं नाही, आणि हिराक्कानं मला लिहायला सांगितलंही नव्हतं. त्या पारावर उभं राहून, तात्यांच्या देखत, तिचं बोलणं आणि त्यांचं उत्तर पूर्ण सांगणं हे माझ्याकडून राहिलं आहे.