कलिपा एजेचं दुखणं

कलिपा एजे आणि मी बिश्केकच्या ट्रॉलीबस डेपोत एकोणीस वर्षं एकाच गाडीवर होतो. एजे म्हणजे आमच्याकडे थोरली ताई. सकाळपाळी तिची, दुपारची माझी. गाडी ताब्यात घेताना मी सीटवरची तिची गादी काढून तिच्या हातात द्यायचे. जाड स्पंजची, मधोमध कापून भोक पाडलेली. पुरुष ड्रायव्हर त्या गादीला फिरता संडास म्हणायचे. एजे सांगायची, मूळव्याध आहे. मूळव्याध चारचौघांत सांगता येते. हिचं दुखणं पुढच्या बाजूचं होतं.

तेविसाव्या वर्षी तिचं तोक्तोसुनशी लग्न झालं आणि पहिल्याच आठवड्यात ते सुरू झालं. चिरून मीठ चोळावं तशी आग. नवरा जवळ आला की, लघवीनंतर, आणि पुढे नुसतं बसलं तरी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूल झालं की थांबेल. मुलगी झाली, थांबलं नाही. दुसऱ्या डॉक्टरने आत जखम आहे म्हणून डाग दिला. तिसऱ्याने बुरशीच्या गोळ्या दिल्या. तपासणीत बुरशी नव्हती, तरी वर्षभर दिल्या. मग इसिक-कूल सरोवराच्या काठी चिखलाचे लेप झाले. सासूने झाडपाल्यावाल्या बाईकडे नेलं, तिच्या काढ्याने धुतल्यावर एजे दोन दिवस चालू शकली नाही. शेवटी एक मोठे डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, दिसायला सगळं ठीक आहे, तुमच्या मनातच काहीतरी आहे. त्यानंतर तिने डॉक्टर सोडले.

तोक्तोसुन वाईट माणूस नव्हता. तो बाहेरच्या खोलीत झोपायला लागला, एवढंच. त्यावर दोघं कधी बोलले नाहीत.

हे सगळं तिने मला एका हिवाळ्यात सांगितलं, पाळी संपवून ती माझ्याच गाडीने घरी निघाली होती आणि वीज गेल्याने गाडी पुलाजवळ दोन तास अडकली होती तेव्हा. मी माझ्या तपासणीला ज्या पेरिझात डॉक्टरकडे जायचे, ती तरुण होती, पण ऐकून घ्यायची. एजेला तिथे न्यायला मला सात महिने लागले. तेव्हा ती एकोणपन्नासची होती.

पेरिझातने आधी अर्धा तास नुसतं विचारलं. मग कापसाची काडी घेऊन एकेका जागी हलकेच टेकवत गेली.

"इथे?"

"नाही."

"इथे?"

एजेने माझं मनगट धरलं. "हेच."

"एजे, हे खरं दुखणं आहे," पेरिझात म्हणाली. "याला नाव आहे. इथल्या नसा उगाचच आगीचा निरोप देत राहतात. पूर्ण जाईल असं म्हणत नाही, पण कमी करू."

मला वाटलं, एजे रडेल. तिने विचारलं, "हे नाव कधीपासून आहे?"

"तुमच्या लग्नाच्या आधीपासून. आमच्यापर्यंत उशिरा पोचलं."

एजेने कोटाची बटणं लावली. थांब्यावर आम्ही तीन गाड्या जाऊ दिल्या.

बधिर करायचं मलम आणि खालचे स्नायू सैल सोडायचे व्यायाम मिळाले. शिवाय एक छोटी गोळी, जी उदास माणसांनाही देतात. ते कळल्यावर ती पुडी फेकायलाच निघाली होती. ही मनासाठी नाही, नसांसाठी आहे, हे पेरिझातने तिला दोनदा समजावलं. गोळीने तोंड कोरडं पडायचं आणि सकाळी डोळे उघडत नसत, म्हणून आम्ही पाळ्या बदलून घेतल्या. चार महिने काहीच फरक नाही. आठव्या महिन्यात एक अख्खी फेरी ती न उठता बसली. मला येऊन सांगितलं, तेही दमल्यासारखंच.

नवऱ्याला तिने त्यानंतर सांगितलं, चहा पिताना. त्याने पेला खाली ठेवला.

"मला वाटायचं, तुला मीच नकोय."

"शेवटी शेवटी मलाही तसंच वाटायला लागलं होतं," ती म्हणाली.

खोल्या वेगळ्याच राहिल्या. इतक्या वर्षांनी ती सवय मोडायचं दोघांच्याही अंगात नव्हतं. पण दवाखान्यात तो बरोबर जायला लागला, बाहेरच्या बाकावर टोपी हातात घेऊन बसायचा.

आता ती निवृत्त आहे, दोघं तोकमोकला लेकीकडे राहतात. महिन्यातले पाच-सहा दिवस अजून वाईट जातात. मी फोन करून कशी आहेस विचारलं, तर त्या दिवसांत ती म्हणते, आज उभीच आहे. बाकीच्या दिवशी म्हणते, बसलेय गं, बोल.