सोडण्यासाठी घेतलेलं पोतं

आता तुम्ही विषय काढलाच आहे, तर ऐका. उभ्या नोकरीत मी स्वतःचं डोकं एकदाच वापरलं. एरवी साहेबांचंच वापरायचो. त्यात बिघडलं तर निदान जबाबदारी त्यांची असते. पण त्या दिवशी मला काय अवदसा आठवली कोण जाणे!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडचा एक कोरडा तालुका आणि तिथल्या शेतीच्या कचेरीत मी कारकून. वरून एक योजना आली. सेंद्रिय शेती करणाऱ्याच्या पोत्यांना सरकारी लेबल मिळणार, 'रसायनमुक्त' असं छापलेलं. लेबल असलेला माल पुण्याचा एक दुकानदार चढ्या भावानं उचलणार. अट एकच: अर्जदाराने रासायनिक खताचा वापर बंद केलेला असावा.

वाचायला किती सोपी, नाही?

पहिली अर्जदार आली ती हिराबाई. डोक्यावर पदर, हातात पिशवी. बाजरी आणि मटकी करायची. खत म्हणजे तिच्या शेळ्यांच्या लेंड्या.

"बाई, रासायनिक खत कधी बंद केलं?" मी विचारलं.

"कंदी घातलंच न्हाई, तर बंद काय करू?"

"मग तुमचा अर्ज बसत नाही."

"आँ?"

"नियमात 'बंद केलेला' म्हटलंय. बंद करायला आधी चालू पाहिजे."

हिराबाईनं हातातली पिशवी टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "भाऊसाहेब, आमच्या मालकांनी जल्मात दारूला हात लावला न्हाई. मंग गावानं त्यास्नी दारू सोडल्याला मानूस म्हनावं, म्हून आदी पाजायची व्हय?"

"नियमाप्रमाणे, हो."

शेजारच्या टेबलावरचे लोक हसले. हिराबाई हसली नाही. "माझं पोरगं आन् सून दर साली दसऱ्यानंतर ऊसतोडीला जात्यात," ती म्हणाली. "नातू बी संगट जातो. निम्मी शाळा फडातच बुडती. त्ये लेबल मिळालं, तर पुन्याचा दुकानदार समदी बाजरी घेतो म्हनलाय. मंग यंदा कुनालाच जायला लागायचं न्हाई."

इथे माझं डोकं चाललं. चालायला नको होतं.

"असं करा," मी आवाज खाली आणून म्हणालो. "युरियाचं एक पोतं विकत घ्या, पावती आणा. आठवड्यानं लिहून द्या, की आजपासून मी युरिया बंद केला."

"आन् पोत्याचं काय करू?"

"ठेवा कोपऱ्यात."

काय माझी अक्कल! जी बाई भाकरीचा तुकडा पडला तर फुंकून शेळीला घालते, तिला मी पैसे मोजून आणलेलं पोतं कोपऱ्यात ठेवायला सांगत होतो.

अर्ज मात्र झटक्यात बसला.

मग तपासणी आली. जीपमध्ये पुढे साहेब, मागे मी. सगळ्या शिवारातली बाजरी गुडघ्याएवढी, पिवळट. आणि हिराबाईच्या रानात? डोक्याच्या वर! हिरवीगार, जाड ताटं! साहेब जीपमधून अक्षरशः उडी मारून उतरले.

"बघा! सेंद्रिय शेतीला नावं ठेवणाऱ्यांना इथे आणून उभं करा! अरे, फोटो काढा!"

साहेब फोटोसाठी केस सारखे करत होते, तेवढ्यात मी हिराबाईला बांधावर गाठलं.

"बाई, पोतं कुठाय?"

"सपरात वल लागून पानी सुटाया लागलं त्याला. पोरानं दिलं फेकून बाजरीत. पैका दिल्याला हाय न्हवं!"

"अहो, पण कळलं तर लेबल जाईल!"

"मंग पोरगं तोडीला जाईल," ती एवढंच म्हणाली.

तिकडून साहेबांनी हाक मारली, "बाई, घालता तरी काय हो तुम्ही रानात?"

हिराबाईनं माझ्याकडे पाहिलं. तिचा मुलगाही पाहत होता. पायाशी नातू ढेकळं फोडत बसला होता.

"लेंडीखत, साहेब," मी म्हणालो.

लेबल आलं. पुण्याचा दुकानदार टेम्पो घेऊन आला. दसरा झाला, गावातल्या गाड्या ऊसतोडीला गेल्या आणि हिराबाईचा मुलगा घरी राहिला. मला वाटलं, चला, पाप झालं पण सत्कारणी लागलं.

पण सरकार कुणाला सुखानं पाप करू देतं का? वरून पत्र आलं: नियम किचकट आहेत, सोपे कसे करता येतील ते कळवा. हिराबाईच्या अर्जाला नुसती पावती आणि लेखी जोडायची माझी पद्धत साहेबांना फार आवडली होती. त्यांनी कळवलं, की बाकी सगळे दाखले रद्द करावेत, फक्त युरिया खरेदीची पावती आणि सोडल्याचं लेखी पुरे. आणि ते मंजूर झालं! आयुष्यात माझी एकच कल्पना सरकारी धोरणात गेली, ती ही.

पुढच्या हंगामात खताच्या दुकानापुढे रांग लागली. ज्यांच्या बापजाद्यांनी युरियाचं तोंड पाहिलं नव्हतं, ते सेंद्रिय व्हायला युरिया घेऊन गेले. दुकानदार मला रस्त्यात लांबून नमस्कार करू लागला. ती पोतीही कोपऱ्यात राहिली नाहीत, हे सांगायला नकोच.

त्याच सुमारास हिराबाई परत आली.

"भाऊसाहेब, यंदा नुसतं लेंडीखतच घालते. खोट्याचं लेबल लावाया जीव व्हत न्हाई."

"तपासणीला गेल्या वर्षीचा फोटो घेऊन येणार आहेत, बाई. पीक फोटोसारखं दिसलं नाही, तर लेबल काढून घेतील."

"म्हंजी त्ये लेबल ठिवायचं तर युरिया घालायचाच?"

इतकी वर्षं मी कुणाला सरळ उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी दिलं.

"दोन पोती घाला. यंदा मोठे साहेब येणार आहेत."

जाताना तिनं फडक्यात बांधलेली बाजरी माझ्या टेबलावर ठेवली. "ही तुमास्नी. आमच्या खान्यापुरती येगळी पेरलीया, हिच्यात युरिया न्हाई. तुमच्यामुळं पोरगं घरी हाय."

ती बाजरी मी घरी नेली. बायकोनं फडकं सोडलं आणि नाक मुरडलं.

"लेबल कुठंय? तुम्ही त्या खात्यातले ना? असली उघडी बाजरी आणता? काय काय फवारलं असेल हिच्यावर!"

खरं काय ते तिला सांगायचं, तर सगळंच सांगावं लागलं असतं. बाजरी शेजारच्या कोंबड्यांना गेली.

मग तिनं तिच्या भावानं पुण्याहून आणलेली पिशवी काढली. वर लेबल होतं, 'रसायनमुक्त', आणि खाली हिराबाईच्या गावाचं नाव. गरम भाकरी माझ्या ताटात पडली.

"बघा, लगेच फरक कळतो की नाही?" बायको म्हणाली.

मी घास चावला आणि म्हणालो, "कळतो तर! चवच वेगळी."