नाटकातली रागावलेली आई

शिवणकाम करणाऱ्या मावशींचं इंग्रजी गिऱ्हाइकांपुरतंच. तरी वाचनालयातल्या हौशी मंडळींनी जुनं इंग्रजी नाटक बसवायला घेतलं, तेव्हा आईची भूमिका त्यांच्याच गळ्यात पडली. आवाज खणखणीत होता ना.

पहिल्या तालमींत त्यांची पार भंबेरी उडाली. नाटकातला नोकर 'अनॉन' म्हणाला की त्या दाराकडे बघायच्या. त्यांना वाटे, अनॉन नावाचं कुणीतरी आत येणार.

"मावशी, अनॉन म्हणजे 'आलोच'," नाटक बसवणारे मास्तर म्हणाले. "आणि 'व्हेअरफोर' म्हणजे 'कुठे' नाही, 'का'."

"तरीच. मुलगी समोर उभी, आणि मी आपली कुठे कुठे करत बसले."

एक वाक्य मात्र काही केल्या जमेना. नाटकातली आई मुलीला एरवी 'दाऊ' म्हणते. मुलगी परस्पर लग्न ठरवते तेव्हा आई तिला एकदम 'यू' म्हणते. मावशी ते वाक्य ओरडून म्हणायच्या.

"ओरडू नका," मास्तर म्हणाले. "त्या काळी 'दाऊ' म्हणजे तू. 'यू' म्हणजे तुम्ही."

"पोटच्या पोरीला तुम्ही?"

"राग आल्यावर तुम्ही नाही म्हणत कधी?"

मावशींना घरचं आठवलं. लेकीने त्यांच्या दुकानात बसायचं नाकारून बेकरीत काम धरलं होतं. तेव्हापासून घरात तिला 'जेवून घ्या', 'दार लावून घ्या', एवढंच चालू होतं. आवाज एकदाही चढला नव्हता.

त्यांनी वाक्य पुन्हा म्हटलं. हळू, परक्या माणसाशी बोलावं तसं. मुलीचं काम करणारी बाई नकळत मागे सरली. मास्तरांनी पसंतीची मान डोलावली.

संध्याकाळी लेक कामावरून आली. बाह्यांना पीठ लागलेलं.

"दमलीस?" मावशींनी विचारलं.

लेक चप्पल काढता काढता थांबली. "आज काय झालं?"

"नाटकातली आई पोरीशी तुटक बोलते. मलाच ऐकवेना."

"मग पुढे?"

"शेवटच्या अंकात पुन्हा तू म्हणते. फार उशीर लावते बाई. मला नाही तेवढा दम." मावशी सरकून बसल्या. "बस इथे. त्या बेकरीत दिवसभर करतेस तरी काय, सांग मला."

लेक आधी अडखळली. मग भट्टीबद्दल, फुगून उतू जाणाऱ्या पिठाबद्दल बोलायला लागली, आणि बोलतच राहिली.